भेगेतलं सोनं

"मग मी काढलेलं वय चुकलं कुठे, तेवढं सांगा."

हर्षल लांजेवार अंगणात उभा होता. ये, बस, असं बाईंनी म्हटलं होतं; तो बसला नव्हता. बोरकुटेबाई ओट्यावर सूप घेऊन जवस निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग?"

बाई खडे वेचत राहिल्या...

दमयंती बोरकुटे यांनी उभी हयात विद्यापीठात भूरसायनशास्त्र शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर शहरातलं घर सोडून त्या भिवडोंगरीच्या पायथ्याशी येऊन राहिल्या. त्यांच्या हाताखालून पुष्कळ विद्यार्थी गेले. त्यांत हर्षल सगळ्यांत हुशार. हे बाई मान्य करत, आणि हर्षल तर कधी विसरतच नसे.

वाद त्या डोंगरीतल्या सोन्याचा होता. ते किती जुनं?

प्रश्न दिसायला पंडिती, पण त्यावर पुढचं सगळं अडलं होतं. सोनं डोंगरीइतकंच जुनं असेल, तर ते तिच्या मूळ थरांत शोधायचं. मागाहून आलेलं असेल, तर खडक पुढे कधीतरी जिथे तडकला तिथे. हर्षलने सांगितलं, अडीचशे कोटी वर्षं, म्हणजे डोंगरीइतकंच. त्याच्या शब्दावर खनिज खात्याने थरांत ड्रिल लावली. अख्खा उन्हाळा भोकं पाडली. करड्या खडकाशिवाय काही हाती आलं नाही.

"सोमवारी खात्यात बैठक आहे. तुम्ही चला," हर्षल म्हणाला. "तुम्ही एक शब्द बोललात तरी त्यांची तोंडं बंद होतील."

"कुणाची?"

"सगळ्यांचीच. ड्रिलवाल्यांना धड काम येत नाही आणि खापर माझ्या डोक्यावर. काल आलेली पोरंसुद्धा विचारतात, सर, वयाची खात्री आहे ना?"

"आहे ना?"

 हर्षलने पिशवीतून डोंगरीचाच एक दगड काढला आणि बाईंच्या पुढ्यात आदळला. मुठीएवढा, पितळी ठिपक्यांनी भरलेला.

"कशाचं वय काढलंस?" बाईंनी विचारलं.

"सोन्याचं."

"सोन्याचं कसं काढलंस?"

हा पहिल्या वर्षाच्या पोराला विचारायचा प्रश्न. 

"सोन्यात मोजण्यासारखं काही नसतं, हे मला कळतं, बाई. तुम्हीच शिकवलंत. सोबतच्या पायराइटचं काढलं."

पायराइट म्हणजे ते पितळी खनिज. त्यात रेनियम नावाच्या धातूचा अंश असतो. त्यातलं थोडं थोडं रेनियम युगानुयुगं ऑस्मियम होत राहतं. किती झालं ते मोजलं, की खनिज कधी घडलं ते सांगता येतं. हर्षलइतकं नेटकं ते कुणी मोजत नसे.

"दाणे कुठले घेतलेस?"

"स्वच्छ. एकूण एक दाणा मी स्वतः भिंगाखाली निवडला. भेग दिसली, डाग दिसला, की बाजूला. मोजलेले सगळे बिंदू एका रेषेत आले, बाई. एकही इकडे नाही की तिकडे नाही."

"भेगाळलेल्या दाण्यांचं काय केलंस?"

"टाकले. घाण असते त्यात. बाहेरून आलेलं काहीबाही असतं. आकडा बिघडतो."

"बाहेरून आलेलं..." बाई म्हणाल्या, आणि पुन्हा सुपाकडे वळल्या.

त्या वळण्याने हर्षलचा तोल गेला. तीन डोंगर ओलांडून तो या बाईकडे आला होता, आणि ती जवस निवडत होती. त्याने दगड उचलला.

"यात काय वाईट आहे ते दाखवा. दाखवाच."

आणि तो त्याने ओट्याच्या कडेवर हाणला.

दगडाची दोन शकलं झाली. एक अंगणात घरंगळलं, एक त्याच्या हातात राहिलं. जिथे जुनी भेग होती, तिथेच तो उकलला होता. उकललेल्या अंगावर, जणू कुणी हळदीचं बोट फिरवावं तशी, सोन्याची पातळ रेघ होती. आजूबाजूचा पायराइट कोरडा. त्यात सोन्याचा कण नव्हता.

हर्षल बघत राहिला.

"हा एक दगड आहे," तो म्हणाला. "एका दगडावरून काही ठरत नाही."

"टाकलेल्या दाण्यांत काय दिसायचं तुला?"

हर्षलने हातातल्या शकलावरची रेघ अंगठ्याने घासली.

त्याला आठवत होतं. भेगाळलेल्या दाण्यात कधी कधी पिवळं चमकायचं. त्याला त्या पिवळ्याचा राग यायचा. तो चिमट्याने दाणा उचलायचा आणि टाकून द्यायचा.

"म्हणजे पायराइट आधीचा," तो सावकाश म्हणाला. "मग तो तडकला. आणि सोनं... मागाहून."

"वय बरोबर आहे तुझं," बाई म्हणाल्या. "पायराइटचं. तू जितकी काळजी घेतलीस, तितकं सोनं बाहेर फेकलंस."

हर्षल आता ओट्याच्या पायरीवर बसला. बसला तरी धुसफूस थांबली नव्हती.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं होतं."

"तुम्ही कधी?"

"मी नाही. रेवतीने."

अंगणात कोंबडी शकलाभोवती टोच मारत फिरली आणि निघून गेली. बाईंनी सूप खाली ठेवलं. हर्षलला त्यांचा चेहरा प्रथमच नीट दिसला, आणि आपण आल्यापासून या बाई शांत नव्हत्या, राग गिळून बसल्या होत्या, हे त्याच्या ध्यानात आलं.

रेवती डोंगरवार ही बाईंचीच विद्यार्थिनी, हर्षलच्या मागची. तिने पायराइट सोडून भेगांमधलं, सोन्यासोबतचं खनिज घेतलं होतं. धुळीएवढे कण, त्यांत युरेनियमपासून झालेलं शिसं तिने मोजलं. तिचं उत्तर आलं, सुमारे एकशेऐंशी कोटी. वीस कोटी इकडे किंवा तिकडे. हैदराबादच्या परिषदेत भरल्या सभागृहात ते तिने मांडलं होतं.

"तिच्या आकड्यात वीस कोटींची ढिलाई होती," हर्षल म्हणाला. "ते मी दाखवलं. शास्त्रात दाखवावंच लागतं."

"तेवढंच दाखवलंस?"

हर्षलने हातातलं शकल पालथं केलं.

"काय म्हणालास? बोल. मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे."

"रागात होतो, बाई."

"बोल."

हर्षलने खाली बघितलं. रेवतीच्या हाताला जन्मापासून कंप होता. प्रयोगशाळेत ती मनगट टेबलाला दाबून धरायची आणि मग चिमटा चालवायची. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी त्यावर बोलत नसे.

"म्हटलं..." तो म्हणाला, "ज्यांचा हात स्थिर नाही, त्यांनी दाणे उचलू नयेत."

"मग?"

"लोक हसले."

"आणि तू?"

"मीही."

"ती आली होती इथे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द चापट मारल्यासारखा येत होता. "निबंध मागे घेतला, नोकरी सोडली, म्हणाली. तू बसलास तिथेच बसली होती. मी चहा दिला. पूर्वी ती माझ्याकडे चहा प्यायची, निम्मा बशीत सांडायची आणि स्वतःच हसायची. त्या दिवशी तिने कप उचललाच नाही. चहा निवला, साय धरली. ती हात पदराखाली घेऊन बसून राहिली. माझ्यासमोर. अरे, माझ्यासमोर..."



हर्षल मग उठला. अंगणातलं शकल उचललं, हातातलं त्याला जोडून बघितलं, आणि दोन्ही रुमालात बांधू लागला.

"मी तिच्याकडे जातो. आजच जातो. हे दाखवतो. तुझं बरोबर होतं म्हणतो. सोमवारी बैठकीतही तेच सांगतो."

"बैठकीत सांगच. दगड मात्र ठेव इथे."

"पण बाई, हा पुरावा आहे."

"सोनं कुठे आहे ते तिला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. ठेव तो."

हर्षलने रुमाल सोडला. शकलं ओट्यावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा राग आला, पण आता तो कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं.

"मग तिथे जाऊन मी करू तरी काय?"

बाईंनी सूप मांडीवर ओढलं.

"तिच्यासमोर बस आणि चहाचा कप उचल. तुझा हात स्थिर राहतो का, बघ."