बाजूने कोणी नाही

साल एकाहत्तर की बहात्तर, याबद्दल माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. गायरानातल्या अकरा पारधी झोपड्या हटवण्याचा ठराव ग्रामसभेपुढे होता. सरपंच आबासाहेब घोलपांची माणसं काठ्या घेऊन दारातच बसली होती.

"कुणाचा विरोध?" आबासाहेबांनी विचारलं.

गजराबाई काळेचा एकटीचा हात वर गेला. तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा त्यातल्याच एका झोपडीत होता.

"एक हात! बाकी सारा गाव माझ्या बाजूनं. ग्रामसेवक, लिहा मंजूर."

गजराबाई उठली. "आबा, गप बसल्यालं तुमच्या बाजूचं कसं? माझा हात मोजला, तसं तुमचंबी मोजा. आमची घरं मोडायची ज्याला वाटतं, त्यानं हात वर करावा आन् नाव लिवून द्यावं."

नाव लिहिलं जाणार म्हटल्यावर काठीवाल्यांनीही माना खाली घातल्या. खुद्द आबासाहेबांचा हात मिशीवरून हलला नाही. ग्रामसेवकाला लिहावं लागलं: बाजूने कोणी नाही.

महिन्याभरात आबासाहेबांच्या माणसांनी झोपड्या पेटवल्याच. गजराबाईचा नवरा आतच राहिला. "गावाचाच निर्णय होता," असं आबासाहेब कोर्टात म्हणाले.

निकालाची प्रत फार वर्षांनी मिळवून मी स्वतः वाचली. इतिवृत्तातली ती ओळ उद्धृत करून न्यायाधीशांनी त्यांना जन्मठेप दिली होती.