पांढरा घोडा

त्या राज्यात सगळे घोडे पांढरे होते, कारण आचार्यांच्या ग्रंथात घोडा पांढरा होता.

जन्माला मात्र ते येत तांबडे, काळे, करडे, ठिपक्याठिपक्यांचे. ग्रंथ बदलणे शक्य नव्हते, म्हणून घोडे बदलले गेले. शिंगरू सहा महिन्यांचे झाले की त्याची उजळण होई, म्हणजे डिंकात कालवलेला चुना नाकापासून शेपटीपर्यंत त्याच्या अंगाला फासला जाई. पुढे दर आठवड्याला वरून नवा थर. जुना खरवडून काढायची पद्धत नव्हती. त्याच्याखाली कातडी भाजे, चिघळे, आणि उन्हाळ्यात भेगांतून पिवळे पाणी गळू लागे. भक्तमंडळी ते बोटावर घेऊन कपाळाला लावत आणि चंदनाचा वास येतो म्हणत. गळून पडलेल्या खपल्या केसांसकट प्रसाद म्हणून घरी जात. काहींना तेवढाही धीर नसे, ते तिथेच तोंडात टाकत.

जुई नावाची एक घोडी आचार्यांच्या पागेत अकरा वर्षे उभी होती. मूळचा आपला रंग कोणता हे ती विसरून गेली होती, पण खाज विसरायची सोय नव्हती. तिच्या पहिल्या मुलीची, सायलीची, उजळण झाली तेव्हा चुना डोळ्यांत उतरला. तिसऱ्या दिवशी सायली भिंतीवर जाऊन आदळली. पागेत सर्वांत जाड थर ज्याच्या अंगावर होता, त्या शंखराज घोड्याने जाहीर केले की पोरीची आतली दृष्टी उघडली. बाकीच्या घोड्यांनी माना डोलावल्या. जुईनेही डोलावली, आणि त्या मानेची तिला अजून शिसारी येत होती.

आता तिचे दुसरे शिंगरू सहा महिन्यांचे होत आले होते. उजळणीआधी नाव ठेवत नसत, पण ती मनातल्या मनात त्याला बदाम म्हणायची, कारण त्याचा रंगच तसा होता. उजळणीला चार दिवस उरले होते आणि बदामचे डोळे वाचवायचे, एवढे एकच तिच्या डोक्यात होते.

तिची सगळी भिस्त आचार्यांवर होती. स्नान आटोपून ते रोज सकाळी पागेतून एक फेरी मारत; उजळण न झालेली शिंगरे तेवढ्यापुरती मागे नेऊन ठेवत. नाकाला अत्तराचा रुमाल असे, कारण घोड्यांचा वास त्यांना सोसत नसे. प्रत्येकाला गुळाचा खडा दिला की ते ओसरीवर बसून लिहीत. घोड्यावर ते कधी बसले नव्हते, जायचे तिथे पालखीतून जात. लिहीत मात्र घोड्यावरच. सात खंड झाले होते, आठवा चालू होता. संध्याकाळी पागेत त्याचे वाचन होई. ‘घोडा माझा धाकटा भाऊ. त्याच्या अंगावर माशी बसली तरी माझा डोळा लागत नाही.’ हे वाक्य आले की, अंगभर माश्या घोंगावत असतानाही, घोडे शेपट्या हलवायचे थांबत. जुईही थांबे. एवढी माया ज्याच्या मनात आहे, त्याला हा चुना ठाऊकच नसणार. हे सगळे खालच्या लोकांचे उद्योग. त्यांच्या कानावर एकदा गेले की झाले.

कानावर घालणे मात्र अवघड होते. ग्रंथातला घोडा मौनी असल्याने आचार्यांसमोर कोणी तोंड उघडायचे नाही, असा नियम होता. तेव्हा जुईने ठरवले की बोलायचे नाही, नुसते दाखवायचे. घोड्यांवर सात खंड लिहिणाऱ्याला वर समजावून काय सांगायचे?

दुसऱ्या दिवशी तिने दावे चावून तोडले आणि बदामला घेऊन सरळ ओसरीसमोर जाऊन उभी राहिली. शिष्य धावले. आचार्यांनी हात वर करून त्यांना थांबवले, लेखणी खाली ठेवली आणि पायऱ्या उतरून आले. बदामच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. तुकतुकीत, उन्हात तापलेली पाठ होती ती. बराच वेळ ते बघत राहिले. जुईला वाटले, आता काहीतरी होणार.

“वासरू गोड आहे,” आचार्य म्हणाले. “गोठ्यातून चुकून आलेलं दिसतंय. नेऊन सोडा बरं.”

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही. बदाम गोठ्यात गेला. शंखराजने तेवढ्याच तत्परतेने पागेत सांगितले की जुईला वासरू झाले आहे आणि ही बाब लाजिरवाणी असली तरी तिला क्षमा करावी. सगळ्यांनी क्षमा केली. तिच्या शेजारच्या घोडीने तर दोन पावले सरकून घेतले.

जुईला त्याचे काहीच वाटले नाही. लेकराचे डोळे शाबूत होते. आचार्यांना घोडा ओळखता येत नाही, याचे तिला हसू आले, मग थोडी कीवही आली. भोळा माणूस, तिने स्वतःला सांगितले. त्याला आजवर खरा घोडा दाखवलाच कोणी?

गाई प्रेमळ होत्या. पण बदामला हंबरता येईना आणि कुंपणापलीकडून घोडे त्याला ‘ए वासरा’ म्हणून हाक मारत. सकाळी गूळ वाटला जाई तेव्हा तो कुंपणाला छाती लावून उभा राही.

“आई, मी कोण आहे गं?” त्याने एकदा विचारले.

“घोडा आहेस,” जुई म्हणाली.

“मग इथे का?”

डोळे हवेत म्हणून, असे ती म्हणू शकली असती, पण ज्याला डोळे आहेत त्याला त्यांचे मोल काय सांगावे, या विचारात तिने कुंपणावरून मान घालून त्याचे कपाळ चाटले.

पौर्णिमेच्या सकाळी घोडे रांगेत उभे होते. गुळाची परात आली, मागून आचार्य आले. आणि रांगेच्या शेवटी जुईला तिचे लेकरू दिसले. कुंपण ओलांडून तो चुन्याच्या हौदात स्वतःच उतरला होता, डोळे मात्र घट्ट मिटून. नाकापासून खुरांपर्यंत ओला, पांढरा, थरथरत उभा होता, आणि मिटलेल्या पापण्यांभोवती तेवढी बदामी कातडी उरली होती.

आचार्यांचे डोळे भरून आले. “आला माझा धाकटा भाऊ,” ते म्हणाले आणि त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला. भक्तांनी जयजयकार केला. जुई मान खाली घालून उभी होती. निदान डोळे मिटले होते पोराने. हा चुना वाळला की ते उघडतील.

आचार्यांनी हात मागे घेतला तेव्हा तळवा पांढरा झाला होता आणि बदामच्या मानेवर पाच बोटांची बदामी जागा उघडी पडली होती. त्यांनी तळव्याकडे पाहिले, मग त्या जागेकडे. जराही न दचकता त्यांनी तळवा शिष्याच्या उपरण्याला पुसला आणि कुंचलेवाल्याला जवळ बोलावले.

“इथं थोडं राहिलंय बघा,” ते मायेने म्हणाले. “आणि पापण्यांवरूनही नीट फिरवा.”

कुंचला हौदात बुडाला. बदामने आपण होऊन मान वर केली.