सूर्याची बदली सुट्टी

एका रानात एक बिबट्या राज्य करत होता. वारसाहक्काने नाही हं, रीतसर निवडून आलेला. त्याच्या विरोधात एक सांबर उभं होतं. मतदानाच्या आदल्या रात्री ते प्रचाराला गेलं ते परत आलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी विजयाच्या भाषणात महाराजांना मध्येमध्ये ढेकर येत होते. प्रजेने टाळ्या वाजवल्या.

"बंधू-भगिनींनो," महाराज म्हणाले, "आजवर ह्या रानात सूर्य मनाला येईल तेव्हा उगवायचा. कुणाचा धाकच नव्हता त्याला! यापुढे तो सरकारी हुकमाने उगवेल!"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सूर्य हुकमाने उगवला. त्यासाठी उजाडणी खातं निघालं होतं. खात्यात नोकर एकच, तांबडोजी कोंबडा. पहाटे राजवाड्याच्या उंबरावर चढायचं आणि महाराजांच्या वतीने सूर्याला हाक मारायची, एवढंच काम. त्या बदल्यात पोटभर दाणे आणि एक मोठी सवलत: कामावरच्या कोंबड्याला महाराज खात नसत. सुट्टीवरच्या कोंबड्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं.

सुट्टी तशी होती, दर बुधवारी. पण सूर्याला बुधवारीही उगवायचं असायचं, त्याला कोण काय करणार! पहाटे खारूताई धापा टाकत यायची. "तांबडोजी, आजचा दिवस तेवढं आरवून जा, वरून निरोप आहे." हा बिचारा जांभया देत उंबर चढायचा. मग सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली सुट्टी मागायला प्रधान घोरपडबाईंकडे जायचा. बाई आधीच्या तीन राजांच्याही प्रधान होत्या. त्या गोड हसायच्या.

"घ्या की हो! हक्काची आहे तुमची. फक्त सूर्य उगवणार नसेल असा एखादा दिवस बघून घ्या."

तांबडोजीचं एक दुखणं होतं. त्याची बायको ठिपकाबाई अंडी उबवायची, आणि दर खेपेला पिल्लं बाहेर पडायची ती नेमकी पहाटे. तेव्हा हा उंबरावर. पोरं पहिले काही दिवस ह्याला काका म्हणायची.

"अहो, ह्या खेपेला तरी घरी थांबा," ठिपकाबाई म्हणाली. "बुधवारीच फुटतील बघा, आतून टकटक ऐकू येतेय मला. अख्ख्या रानाला उजाडवता, स्वतःच्या घरात कधी उजाडलेलं बघितलंत?"

हे त्याच्या फार मनाला लागलं. बुधवारी खारूताई आली तेव्हा तो करवंदीच्या जाळीत चोच मिटून बसून राहिला. ती हाका मारमारून निघून गेली. तेवढ्यात पहिलं अंडं तडकलं, इवलीशी चोच, पाठोपाठ डोकं बाहेर आलं आणि तांबडोजीला रडूच कोसळलं.

"अगं, डोळे बघ ह्याचे! माझेच की गं!" असं म्हणता म्हणता तो थबकला. पिल्लाचे डोळे दिसत होते. म्हणजे उजाडलं होतं.

आधी त्याला भयंकर अपमान वाटला. इतकी वर्षं घसा फोडला तो कुणासाठी? मग तो धडपडत उंबराकडे धावला, कारण हे अख्ख्या रानाने बघितलं होतं.

उंबराखाली ही गर्दी! माकडं खिदळत होती, ससे एकमेकांना ढोसत होते. "हुकूम नव्हता म्हणे आज! तरी आला की हो!" वरच्या फांदीवर महाराज जिभल्या चाटत बसले होते.

"तांबडोजी," महाराज अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे आज तू सुट्टीवर होतास तर."

मेलो, असं तांबडोजीला वाटलं. आणि मरणाच्या भीतीने त्याला एकदम सुचलं.

"होतो, महाराज! बुधवार म्हणजे आमच्या खात्याची सुट्टी. पण खात्यात आम्ही दोघं, मी आणि सूर्य. मी मेला आळशी, घरी बसलो. तो मात्र हुकमाचीसुद्धा वाट न बघता सुट्टीच्या दिवशी कामावर आला! का? तर महाराजांवरचं प्रेम!"

घोरपडबाईंची जीभ एकदा बाहेर येऊन आत गेली.

"सूर्याचं श्रमदान!" त्या ओरडल्या. "बोला, सूर्य आमचा कष्टाचा..."

"महाराजांच्या पक्षाचा!" ससे ओरडले. त्यांना सवय होती.

महाराजांची मान ताठ झाली. तांबडोजी सुटला होता. त्याने तिथेच थांबायला हवं होतं, पण इतक्या वर्षांची मळमळ आत साचलेली होती.

"महाराज, मग सूर्याला बदली सुट्टी द्यायला हवी. नाहीतर लोक म्हणतील, सरकार त्याला फुकट राबवतं."

"दिली!" महाराज गरजले. "हे कष्टकऱ्यांचं सरकार आहे! पुढचा बुधवार सूर्याला पूर्ण दिवस सुट्टी! आजवर कुठल्या राजाने दिली होती?"

पुढच्या बुधवारी सूर्य उगवला. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. सरकारी दवंडी मात्र पिटली गेली: "सूर्य सुट्टीवर आहे. रात्र चालू आहे. दिसतंय ते ऊन नसून विरोधकांनी पसरवलेला उजेड आहे." भर दुपारी वाटेवाटेवर काजवे नेमले गेले.

प्रजेने अजिबात वाद घातला नाही. रात्र म्हटल्यावर कामाला कोण जातंय? मुंग्या सरकारी कोठाराकडे फिरकल्या नाहीत. रानरेडे चिखलात पसरले. तांबडोजी पिल्लांना गांडूळ कसं ओढायचं ते शिकवत बसला. घुबडाला तेवढं कामावर जावं लागलं, ते बिचारं तीन झाडांना धडकलं.

खरी पंचाईत झाली महाराजांची. रात्र म्हणजे शिकारीची वेळ, आणि कारभारातून महाराज शिकारीला मोकळे व्हायचे ते बुधवारीच. निघाले टळटळीत उन्हात, दबकत दबकत. हरणांनी त्यांना पार ओढ्यापलीकडून पाहिलं.

"कोण गं बाई येतंय अंधारात? काही म्हणजे काही दिसत नाही!" असं म्हणत ती धूम पळाली. दिवस आहे, असं महाराजांना म्हणता येईना. उपाशीच घरी आले. त्यात दवंडीत काहीही असलं तरी खात्याच्या वहीत सूर्य ह्याही बुधवारी सुट्टी सोडून कामावर आलेला, म्हणून त्याला पुढच्या बुधवारची बदली सुट्टी लागू झाली. मग त्याच्या पुढच्या बुधवारची. रान खूश! कोंबड्याने आपल्याला सुट्टी मिळवून दिली, असं जो तो सांगत सुटला, आणि तांबडोजी तुरा सावरत ऐकत राहायचा.

महाराजांच्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा घोरपडबाईंनी नवा हुकूम काढला. रात्र ही झोपेसाठी असते, सबब बुधवारी जो डोळे उघडे ठेवील तो राज्याचा शत्रू. प्रजेला हेही पटलं. झोप तर झोप, तीही भरपगारी! दर बुधवारी सगळं रान डोळे मिटून पडू लागलं, आणि महाराज हळूहळू पुन्हा अंगाने भरले. संध्याकाळी कुणाचा तरी शेजारी सापडत नसे. अंधारात वाट चुकला असेल, असं सगळे म्हणत.

अशाच एका बुधवारी दुपारी तांबडोजी आणि ठिपकाबाई करवंदीखाली पिल्लांना पंखात घेऊन डोळे मिटून बसले होते. धाकट्याने मान बाहेर काढली.

"बाबा, ऊन आहे की लख्ख! आणि महाराज इकडेच येतायत."

"डोळे मीट बघू. रात्र आहे."

"बाबा, तुम्ही आरवा ना! तुम्ही आरवलात की सगळे उठतील."

तांबडोजीच्या गळ्याशी बांग आली. वाळक्या पानांचा आवाज जवळ येत होता, पंखाखाली पिल्लाचं काळीज धडधडत होतं. आरवावं असं त्याला फार, फार वाटलं. पण सगळ्या रानाला मिळवून दिलेली सुट्टी आपणच कशी मोडायची?

शिवाय बुधवार होता. आज त्याला कामावर कुणी बोलावलं नव्हतं.