पाण्याकडे तोंड करून

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा खाडीकाठच्या गावांना नावे नव्हती, कुणी विचारले तर माणसे हात लांब करून म्हणत, "तिकडचे आम्ही."

अशाच एका गावात पाण्याच्या अगदी कडेला एक घर होते. त्या घरात एक नेम होता. पहाटे होड्या परतायच्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्याने ओटीवर बसायचे, पाण्याकडे तोंड करायचे आणि पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्याने वाचायचा. मधले पान सोडायचे नाही. आवाज दाबायचा नाही. आजारपण असो, सण असो, घरात कुणी गेलेले असो, नेम चुकवायचा नाही.

हा नेम पणजोबाने घातला होता. का घातला, हे त्याने सांगितले होते की नाही, कुणास ठाऊक. सांगितले असेलही, पण नेम पुढच्या पिढीकडे आला आणि कारण मागच्या पिढीबरोबर गेले. घराघरात असेच होते.

आमच्या गोष्टीच्या वेळी हा नेम एका म्हाताऱ्याकडे होता. त्याची बायको देवाघरी गेली होती. घरात मुलगा होता, सून होती आणि सुनेच्या मांडीवर तान्हा नातू होता. बाळाचे नाव अजून ठरले नव्हते. ते बाप्तिस्म्याच्या दिवशी ठेवायचे होते.

म्हाताऱ्याला एकच घोर लागला होता: माझ्यामागे हे कोण वाचणार? मुलगा संध्याकाळी तांडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याच्या, होडीवर जाई, पहाटे परत येई, जाळे वाळत टाकी आणि आडवा होई. इतक्या वर्षांत तो एकदाही वाचनाला बापाजवळ टेकला नव्हता. म्हातारा वाचताना डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघे, आणि त्याची ओळ चुके. "देवा, हा दिवा माझ्या हातात विझू देऊ नकोस," एवढीच प्रार्थना तो रोज करी. तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नसे.

एके सकाळी मुलगा आला तो रिकामी टोपली घेऊन. अंगात शीण होता आणि जिभेवर राग. म्हातारा नुकताच ग्रंथ मिटत होता.

"आज काय वाचलंस, बाबा?"

म्हातारा हरखला. पोराने पहिल्यांदाच विचारले होते. "नावं होती आज. कुणाचा मुलगा कोण, त्याचा मुलगा कोण."

"कालही नावंच होती."

"उद्याही आहेत. पान सोडायचं नाही आपल्यात."

मुलगा खांबाला टेकून हसला. "शास्त्र वाचतोस का मेलेल्यांची हजेरी घेतोस? होडीवर सगळे माझी चेष्टा करतात. तांडेल म्हणतो, तुझ्या बापाचा उपदेश ऐकून बगळ्यांनी मासे सोडलेत, हल्ली उपास धरतात."

आत चुलीपाशी सुनेला हसू आले. तिने तोंडाला पदर लावला, पण म्हाताऱ्याला ते ऐकू गेलेच.

"आणि आधीच सांगतो," मुलगा म्हणाला, "पोराला माझ्या आजोबाचं नाव नको. या घरात माणसं मरतात, पण नावं काही मरत नाहीत. त्याला नवं काहीतरी ठेवू."

म्हाताऱ्याने ग्रंथ कापडात गुंडाळला. तो उठून आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने वाचनाची जागा बदलली. ओटीवर न बसता तो मागच्या खोलीत दार लावून बसू लागला. अध्याय तोच वाची, क्रमही तोच पाळी. फक्त ओठ हलत, आवाज निघत नसे.

"बाबा, ओटीवर नाही बसलात?" सुनेने विचारले.

"गार वारा बाधतो."

"इतकी वर्षं नाही बाधला."

"आता बाधतो."

मनात त्याने स्वतःला वेगळेच सांगितले. देवाचे वचन चेष्टेच्या वाऱ्यावर उधळू नये, पवित्र गोष्ट पवित्र जागी ठेवावी, असे त्याने मनाला पटवले. वाचकहो, माणूस असाच असतो. मान दुखावला की तो त्यावर भक्तीचे पांघरूण घालतो आणि म्हणतो, बघा, मी किती श्रद्धाळू.

काही दिवस गेले. आभाळ स्वच्छ होते, किनारा लांबून दिसत होता, होड्या सुखरूप येत होत्या. वाचन का बंद झाले, हे कुणीही येऊन विचारले नाही. म्हाताऱ्याला ते फार लागले. "म्हणजे खरंच कुणी ऐकत नव्हतं," तो मनाशी म्हणाला. "मी उगाच घसा कोरडा केला. माझ्या बापानेही उगाच केला." आणि जे वचन तो ओठांत वाची, तेही त्याला हळूहळू कोरडे लागू लागले.

मग एके पहाटे धुके पडले.

साधे धुके नव्हते ते. ओटीवरून अंगण दिसेना. हात पुढे केला तर बोटे दिसत नव्हती. पाणी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, ते फक्त पायाला कळत होते. आणि त्या खाडीच्या तोंडाशी एका अंगाला काळा खडक होता, दुसऱ्या अंगाला गाळ. मधून होडी यायची तर वाट अरुंद होती.

होड्या परतायची वेळ झाली आणि टळून गेली.

सून बाळाला खांद्यावर टाकून दारात उभी राहिली. ती बाळाच्या पाठीवर थोपटत होती. बाळ झोपल्यावरही तिचा हात थांबत नव्हता. म्हातारा पाण्याच्या कडेला गेला. गावातल्या बायका, पोरे, थकलेली माणसे, सगळी तिथे जमली होती. दिसत कुणी नव्हते; फक्त आवाज होते.

आणि प्रत्येकजण हाका मारत होता. जिचा नवरा पाण्यावर होता ती नवऱ्याला, जिचा भाऊ होता ती भावाला. म्हाताऱ्यानेही मुलाला हाक मारली. त्याची हाक दुसऱ्यांच्या हाकांत मिसळली आणि सगळ्या हाका धुक्यात फिरून चहूबाजूंनी परत आल्या. काठ इकडे आहे की तिकडे, हे काठावरच्यांनाच कळेना.

तेवढ्यात खडकाच्या बाजूने लाकूड फुटल्याचा आवाज आला.

सगळे गप्प झाले. पाण्यात कुणीतरी धडपडत होते, कुणीतरी "फळी धर, फळी धर" म्हणत होते. म्हाताऱ्याच्या मनात एकच आले: माझ्या पोराची होडी तर नव्हे?

मग त्या शांततेत दुरून तांडेलाचा घोगरा आवाज आला. "असंच गप्प राहा जरा. इतक्या बाजूंनी बोलावलंत तर माणसाने जायचं कुठे? इनासा, अरे, आहेस का तिथे? वाचन कुठाय आज?"

इनास म्हणजे आपला म्हातारा. त्याला काही उमगेना. "कसलं वाचन?" त्याने ओरडून विचारले.

"तुझं रोजचं. गेले काही दिवस ऐकू नाही आलं, म्हटलं घसा बसला असेल. धुक्यात आम्ही काय बघून येतो असं वाटलं तुला? वाचन समोरून आलं की सरळ यायचं, बाजूने आलं की थांबायचं. तुझ्या बापाच्या वेळेपासून असंच चाललंय. बस लवकर, ओहोटी आम्हाला खडकाकडे ओढतेय."

म्हातारा घराकडे धावला. पायरी चुकली, गुडघा फुटला. तो ओटीवर पोचला तेव्हा सून ग्रंथ घेऊन आधीच उभी होती. तिने कापड सोडले होते आणि खुणेचे पानही काढून ठेवले होते.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने वाचा, बाबा."

तो पाण्याकडे तोंड करून बसला. पान डोळ्यांशी नेले, आणि त्याचा धीर खचला. आज निदान स्तोत्र असते, मेंढपाळाची एखादी गोष्ट असती, धीर देणारे एखादे वचन असते. पण नाही. पानभर नावेच होती. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा हा. पोराला ज्यांचा कंटाळा आला, ज्यांच्यावरून लोक हसले, तीच.

पान सोडायचे नव्हते. त्याने वाचायला सुरुवात केली.

पहिला आवाज चिरका निघाला. दुसरा थोडा भरला. मग तो वाचत गेला. बापांची नावे, मुलांची नावे, मुलांच्या मुलांची नावे. ही माणसे कुठल्या देशात जन्मली, काय खात होती, काय गात होती, हे त्याला ठाऊक नव्हते. पण एकाने दुसऱ्याच्या हातात काहीतरी दिले होते आणि ते हात सुटले नव्हते, एवढे त्याला त्या क्षणी कळले. आजवर हजारदा वाचूनही कळले नव्हते.

"येतंय," तांडेल धुक्यातून म्हणाला. "थांबू नको."

पान संपत आले. त्याने ते उलटायला बोट लावले, तर ते हलेना. धुक्याच्या ओलाव्याने पाने एकमेकांना चिकटली होती. ओढले तर फाटले असते. आवाज थांबला असता तर होडी कुठे गेली असती?

ग्रंथातली नावे हाताशी नव्हती. मग त्याने पाठ असलेली नावे घेतली.

"थोमाचा मुलगा जबदी," तो म्हणाला. "जबदीचा मुलगा इनास. इनासचा मुलगा अंद्रिया." पुन्हा पहिल्यापासून, त्याच सुरात. थोमा, जबदी, इनास, अंद्रिया. आजोबाने त्याच्या बापाला दिले, बापाने त्याला दिले, आणि त्याचा मुलगा आता त्या पांढऱ्या अंधारात कुठेतरी वल्हे मारत होता, की खडकाच्या तोंडी गेला होता, कुणास ठाऊक.

"इनासचा मुलगा अंद्रिया. अंद्रियाचा मुलगा…"

तो थांबला. बाळाला नाव नव्हते.

त्याच्या मनात नाव तयार होते. वडिलांचे नाव. त्या क्षणी त्याने ते घेतले असते तर त्याला कोण अडवणार होते? पण ते नाव ठेवायचा हक्क बाळाच्या बापाचा होता, आणि बापाने नको म्हटले होते. म्हाताऱ्याने ते नाव घेतले नाही. पाणी हलल्याचा आवाज आला. सुनेचा हात बाळाच्या पाठीवर थांबला.

मग धुक्यातून, वाटले होते त्याहून खूप जवळून, एक आवाज आला.

"जबदी. जबदी म्हण, बाबा. आणि थांबू नको, खडक अजून मागे पडायचाय."

"अंद्रियाचा मुलगा जबदी," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, पण आवाज त्याने मोडू दिला नाही.

थोड्या वेळाने धुक्यातून होडीचे नाक पुढे आले. पुढे तांडेल, मागे अंद्रिया. कुणी ओरडले नाही. म्हातारा उठलाही नाही, कारण अजून होड्या पाण्यावर होत्या आणि दुसऱ्यांचीही पोरे घरी यायची होती.

ओल्या कपड्यांनी अंद्रिया ओटीवर चढला आणि बापाच्या शेजारी बसला. त्याने ग्रंथ मांडीवर घेतला. चिकटलेल्या पानावर हळूहळू फुंकर घालून, कड धरून, एवढेसेही फाटू न देता त्याने ते सोडवले. बापाला डोळ्यांतल्या पाण्याने अक्षर दिसत नव्हते, म्हणून त्याने ओळीवर बोट ठेवले आणि तो स्वतःच वाचू लागला. धुके वर जाईपर्यंत आणि शेवटची होडी काठाला लागेपर्यंत तो वाचत होता.

मग तो म्हणाला, "आज हजेरीत माझंही नाव घेतलंस, बाबा."

"म्हणून तर आलास," म्हातारा म्हणाला.

खडकावर फुटलेल्या होडीवरची माणसे वाचली. फळ्यांना धरून ती गाळात लागली. पण होडी गेली ती गेलीच, आणि त्या होडीच्या मालकाच्या घराला पुढचा सगळा हंगाम दुसऱ्यांच्या होड्यांवर राबावे लागले. म्हातारा त्यांच्या दारात गेला. "नेम मी मोडला," तो म्हणाला. "माझ्या मानापायी मोडला."

घरची बाई जाळे शिवत होती. तिने मान वर केली नाही. "मोडला तो मोडला, भाऊजी. उद्या बसणार ना ओटीवर?"

"बसणार."

"मग झालं."

पण म्हाताऱ्याचे तेवढ्यावर झाले नाही. जोपर्यंत तो जगला तोपर्यंत लाकूड फुटल्याचा तो आवाज त्याच्या कानात राहिला, आणि स्वच्छ सकाळी, जेव्हा कुणालाच त्याच्या वाचनाची गरज दिसत नसे, तेव्हाच तो सर्वांत मोठ्याने वाची. त्याच्यामागे अंद्रियाने वाचले. अंद्रियामागे जबदीने वाचले, आणि नेमाचे कारण त्याने आपल्या मुलांना नेमाबरोबरच सांगितले. बगळे मात्र शेवटपर्यंत मासे खात राहिले.

बोध असा: देवाचे वचन घरात रोज मोठ्याने वाचत राहावे, कुणी ऐकत नाहीसे वाटले तरी, कारण वाट चुकलेले लेकरू ज्या आवाजाच्या दिशेने घरी येते, तो आवाज त्याने स्वच्छ दिवसांतच ओळखीचा करून घेतलेला असतो.