एकेचाळीस दोर

फार पूर्वी समुद्राकाठी एक बंदर होतं. तिथले काथ्याचे दोर दूरदूरच्या देशांत जायचे. नारळाची सोडणं खाडीत महिनोन्‌महिने भिजवायची, कुटायची, त्यातून निघालेला काथ्या पिळून दोर वळायचे. सगळं गाव याच कामावर जगायचं. राजाचा शिक्केदार प्रत्येक दोर ताणून बघायचा आणि तो पक्का असेल तरच टोकाला शिशाचा शिक्का ठोकायचा.

पुढे जुना शिक्केदार वारला आणि नवा आला. त्याने दोर ताणायचं सोडलं आणि हात पुढे करायला सुरुवात केली. हातावर काही ठेवलं की कच्च्या दोरालाही शिक्का मिळे. न ठेवलं तर पक्क्या दोरालाही ‘उद्या या’. चांगला काथ्या वापरायचा आणि वर शिक्केदारालाही द्यायचं, तर घरात काहीच उरेना. मग कोणी सोडणं अर्धवटच भिजवू लागलं, तर कोणी आत सडका दोर घालून वरून नवा काथ्या गुंडाळू लागलं.

भिवरा नावाची एक विधवा तेवढी जुन्या रीतीनेच दोर वळत राहिली. ती लाच देत नसे, त्यामुळे तिच्या दोरांना शिक्का नव्हता. विहिरीवर पाणी काढायला ते निम्म्या किमतीत जात.

एका वादळात दोन जहाजांच्या नांगरांचे दोर तुटले. जहाजं खडकावर आपटली आणि अकरा खलाशी परत आलेच नाहीत. त्या दोन्ही दोरांवर राजाचा शिक्का होता.

ही बातमी बंदराबंदरांत पोचली आणि जहाजं यायची थांबली. दोर पडून राहिले. मग शिडं शिवणारे, तांदूळ विकणारे, जहाजांना गोडं पाणी पुरवणारे, सगळेच रिकामे बसले. तरणी माणसं मजुरीसाठी परमुलखात गेली. बंदराची जकात बुडाली तशी राजाने इतर गावांचे कर वाढवले आणि ज्यांनी कधी समुद्रही पाहिला नव्हता, त्यांच्या ताटातली भाकरीही अर्धी झाली.

शेवटी राजा स्वतः बंदरावर आला. हे असं का झालं, असं त्याने विचारलं, तर सगळे माना खाली घालून उभे. प्रत्येकाने कधी ना कधी पैसे चारले होते. तेव्हा भिवरा पुढे आली आणि तिने सगळं सांगितलं. राजाने शिक्केदाराला कैदेत टाकलं आणि शिक्का भिवराच्या हातात दिला.

महिन्याभराने एक जहाज आलं. वर्षातलं पहिलंच. त्याच्या नाखव्याला दोनशे दोर हवे होते. गावात दोनशे दोर होते, पण बहुतेक जुन्या खोटेपणातले. संध्याकाळी सगळे भिवराच्या अंगणात जमले. तिचा सख्खा धाकटा भाऊ धाकू सगळ्यांच्या पुढे होता.

“बाय, एवढ्या एका वेळेला शिक्का ठोक,” तो म्हणाला. “पुढच्या खेपेपासून नीट वळू. घरात पोरं उपाशी आहेत.”

त्या पोरांना भिवरानेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

“बुडाले तेही कोणाची तरी पोरंच होती, धाकू,” ती म्हणाली.

सकाळी धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत, तिने एकेका दोराला मोठा धोंडा टांगला. दोर तुटत गेले. धाकूचे पाचही तुटले. दोनशेपैकी एकेचाळीस टिकले. नाखव्याने तेवढेच घेतले आणि तो निघून गेला.

गावाने भिवराशी बोलणं टाकलं. धाकू तिच्या दारावरून मान वळवून जाऊ लागला. आपण चुकलो तर नाही ना, असं तिलाही कधीकधी वाटे. पण शिक्का हवा तर दोर पक्काच हवा, हे गावाला आता कळून चुकलं होतं. चडफडत का होईना, लोकांनी सोडणं पुन्हा पुरेशी भिजत घातली.

सहा महिन्यांनी समुद्रावर शिडं दिसली. एक नाही, सात जहाजं. तोच नाखवा पुढे होता. भर तुफानात तीन दिवस त्याचं जहाज त्या दोरांवर उभं राहिलं होतं आणि एकही दोर तुटला नव्हता.

“बंदराबंदरांत सांगत आलोय,” नाखवा सगळ्यांसमोर म्हणाला, “की तिथे एक बाई आहे, ती सख्ख्या भावाच्या दोरालाही शिक्का नाकारते.”

त्या दिवशी धक्क्यावर ढोल वाजले. ज्यांनी बोलणं टाकलं होतं, त्यांनीच भिवराला खांद्यावर उचलून गावभर मिरवलं. दोर खपले, शिडं शिवणाऱ्यांना काम मिळालं, परमुलखात गेलेली माणसं घरी परतली. वर्षभरात राजाने वाढवलेले करही उतरवले.

पुढच्या हंगामात त्याच नाखव्याचं जहाज भरायची घाई चालली असताना धाकू दहा दोर घेऊन आला. नऊ त्याने बहिणीपुढे ठेवले आणि दहावा बाजूला काढला.

“बाय, हा ताणूसुद्धा नकोस. मधे पीळ सैल पडलाय. मी परत वळून आणतो.”

भिवराने नाखव्याकडे पाहिलं. दोर परत वळायचा म्हणजे अख्खा दिवस जाणार होता. नाखवा दोरांच्या ढिगावर निवांत टेकला.

“वळ सावकाश,” तो म्हणाला. “मी थांबतो.”

यातून घ्यायचं तात्पर्य असं: लाच खाणारा आपला एकट्याचा खिसा भरतो, पण साऱ्या देशाची पत आणि भाकरी घालवतो; आणि ती पत परत येते ती आपल्या माणसालाही ‘नाही’ म्हणण्याच्या हिमतीतून.