ठिणगीची शेंग आणि गाडीचा मीटर

"दुसरी घे म्हणं. का घेऊ दुसरी? मी ही उकरली. मी ही आणली. हीच माझी."

ठिणगी खार भांडत होती. कुणाशी? ताईशी. ताई कुठं? ताई कधीच चिंचेवर पळाली. पण ठिणगीचं भांडण काही संपंना. एवढीशी खार, एवढा मोठा राग. शेपटी फुलून झाडू झाली.

झालं असं. ठिणगीला एक शेंग घावली. भुईमुगाची. लांबलचक. आत दाणे किती? तीन. हलवली की खुळखुळ, खुळखुळ.

तिनं शेंग अंगणात ठेवली. जरा पाणी प्यायला गेली. तेवढ्यात गाडी आली, सुंईंईं. हौसाआत्याची नवी स्कूटर, विजेवर पळणारी. आली आणि दगडाला टेकून थांबली. इकडं दगड, तिकडं चाक. मधी शेंग. बसली अडकून.

ठिणगीनं हातानं ओढली. हूं. निघंना. दातानं ओढली. हूं हूं. निघंना.

"दुसरी घे," ताई म्हणाली आणि चिंचेवर पळाली.

"गाडे गाडे, सरक," ठिणगी म्हणाली.

"न्हाई सरकत," गाडी म्हणाली. "माझं पोट रिकामं. आधी चार्जरला सांग, मला वीज चार."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ठिणगी गेली भिंतीवरच्या चार्जरकडं.

"चार्जरदादा, चार्जरदादा, गाडीला चार.
गाडी काय सरकंना,
शेंग काय निघंना."

"न्हाई चारत," चार्जर म्हणाला. "घराला मीटर एक. त्याच्यावर बत्ती, त्याच्यावर पंखा, त्याच्यावर मिक्सर. वर मी लागलो की फट्. सगळं गप. गाडीला दुसरा मीटर पायजे. आधी मीटरला सांग, भिंतीवर चढ."

"दुसरा, दुसरा," ठिणगी चिडली. "आज जो तो दुसऱ्याचंच काढतोय."

पण गेली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. नवा कोरा मीटर, तो बसवायला आलेल्या वायरमनच्या पिशवीत बसला होता. काचेतनं बाहेर बघत होता.

"मीटरदादा, मीटरदादा, भिंतीवर चढ.
चार्जर काय चारंना,
गाडी काय सरकंना,
शेंग काय निघंना."

"न्हाई चढत," मीटर म्हणाला. "मला पाय हायेत का? आधी वायरमनला सांग, मला बसव."

वायरमन पिशवीच्या पलीकडंच बसला होता. चहा पीत होता. फुर्र, फुर्र.

"वायरमनमामा, वायरमनमामा, मीटर बसवा.
मीटर काय चढंना,
चार्जर काय चारंना,
गाडी काय सरकंना,
शेंग काय निघंना."

"न्हाई बसवत," वायरमन म्हणाला. "घर हौसाआत्याच्या नावावर. मीटरचा कागद तिच्यापाशी दिलाय. आधी आत्याला सांग, सही कर."

"एवढीशी सही, तिच्यापायी एवढी पायपीट," ठिणगी म्हणाली.

"एवढीशी शेंग, तिच्यापायी एवढी बोंबाबोंब," वायरमन म्हणाला. फुर्र.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. हौसाआत्या पडवीत होती. उशा उचलत होती, डबे हलवत होती. काहीतरी शोधत होती.

"आत्या आत्या, सही करा.
वायरमन काय बसवंना,
मीटर काय चढंना,
चार्जर काय चारंना,
गाडी काय सरकंना,
शेंग काय निघंना."

"न्हाई करत," आत्या म्हणाली. "वाचल्याबिगर मी सही करत नसती. आणि वाचू कशानं? चष्मा गेला कुठं माझा? सकाळी अंडी उजेडाला धरून बघितली. चांगली तेवढी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठिवली. तवा तर होता. आधी माझा चष्मा आण."

ठिणगीचे कान उभे. अंडी? कोंबडी?

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. कोपऱ्यात वेताची पाटी. पाटीत भुसा. भुशावर कोंबडी, गोल गरगरीत. आणि कोंबडीच्या पोटाखालनं बाहेर काय आलंय? चष्म्याची दांडी.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, उठा.
आत्या काय सही करंना,
वायरमन काय बसवंना,
मीटर काय चढंना,
चार्जर काय चारंना,
गाडी काय सरकंना,
शेंग काय निघंना."

"न्हाई उठत," कोंबडी म्हणाली. "खाली अकरा अंडी. मी उठले की गार. आधी कुणीतरी ऊब धरा."

झालं. आता जायचं कुणाकडं? ठिणगीनं इकडं बघितलं. कुणी न्हाई. तिकडं बघितलं. कुणी न्हाई. राग आला. शेपटी फुलली.

कोंबडीनं मान वाकडी केली. "शेपटी तर गरम दिसती."

ठिणगी गपकन पाटीत उतरली. कोंबडीच्या पोटाखालनं अंड्यांवर शेपटी पांघरली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच झाकली. सहा उरली. आता दुसरी शेपटी पायजे.

दुसरी शेपटी कुणाची? ताईची.

ठिणगीनं डोळे मिटले. दात खाल्ले. मग हाक मारली. "ताई. ए ताई. ये की खाली."

सुर्र, सुर्र, सुर्र. ताई चिंचेवरनं आली. पाटीत बसली. सहा अंडी झाकली.

मग काय.

कोंबडी उठली. कॉक कॉक.
चष्मा निघाला. तिनं चोचीत धरला, आत्याला दिला.
आत्यानं वाचलं. सगळं वाचलं. मागचं पान पण वाचलं. मग सही केली. सर्र सर्र.
वायरमननं मीटर बसवला. ठक ठक, ठक ठक.
मीटर भिंतीवर चढला. लाल दिवा लागला. टिक, टिक.
चार्जरनं गाडीला चारलं. गुंईं गुंईं.
घरात बत्ती चालू. पंखा चालू. मिक्सर चालू. फट् झालंच न्हाई.
गाडीचं पोट टम्म भरलं. आत्या बसली. मूठ पिळली. सुंईंईं. गाडी सरकली.

आणि शेंग निघाली. टुपकन.

कोंबडी परत अंड्यांवर बसली. दोघी बहिणी पळाल्या. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ठिणगीनं शेंग उचलली. हलवली. खुळखुळ, खुळखुळ. तीच शेंग. तेच तीन दाणे.

कट्ट. शेंग फुटली. एक दाणा ठिणगीला. एक दाणा कोंबडीला. एक दाणा उरला.

"हा घे," ठिणगी म्हणाली. "पण परत दुसरी घे म्हणायचं न्हाई."

"न्हाई म्हणत," ताई म्हणाली. तोंड भरलेलं होतं.

आणि तू रे? तुझी खेळण्यातली गाडी बघ. उंबऱ्यात पडलीय. तिच्याखाली कुणाची शेंग असंल तर? उठ. गाडी उचल. आधी उचल.