चुरमुऱ्यांची भट्टी आणि राजाचे शिपाई

नदीकाठच्या एका गावात चुरमुऱ्यांची एक भट्टी होती. आता ती नाही, पण तिथल्या गरम चुरमुऱ्यांचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजून हळवी होतात. भट्टीचा मालक रखमाजी. पुढे दुकान, मागे भट्टी. पण हा बाबा कुणालाच दुकानात थांबवत नसे. गिऱ्हाईक असो की वाटसरू, "या, आत या" म्हणून थेट भट्टीपाशी न्यायचा आणि ताज्या चुरमुऱ्यांची मूठ हातावर ठेवायचा. काय दिवस होते ते.

भट्टीवरचे चारही गडी नदीपलीकडच्या राज्यातले. त्यांत हणमप्पा सगळ्यांत जुना, वीस वर्षं तिथंच राबलेला. वाळू किती तापली हे तो नुसत्या वासावरून ओळखायचा. रखमाजी आणि तो एका ताटात जेवायचे.

एकदा राजानं दवंडी पिटवली. पलीकडून आलेल्या प्रत्येकाजवळ परवाना हवा. शिपाई कामाच्या जागी येऊन तपासतील. नसेल त्याला नावेत बसवून परत धाडतील, आणि एकदा धाडलेल्याला पुन्हा इकडे येता येणार नाही. या चौघांचेही परवाने होते. रखमाजीनंच ते काढून दिले होते आणि हरवतील म्हणून स्वतःकडे ठेवले होते. कुठे, ते मात्र त्यालाही आठवत नव्हतं.

त्याची बायको साळू चावडीवर जाऊन चौकशी करून आली. दुकानात कुणीही येऊ शकतं, पण आत भट्टीत शिरायला शिपायांना न्यायाधीशाच्या सहीचा हुकूम लागतो, असं तिला कळलं. तिनं नवऱ्याला बजावलं, की परवाने शोधून एका जागी ठेवा, शिपायांशी कुणी बोलायचं ते ठरवा आणि गड्यांना बसवून सगळं नीट समजावा.

रखमाजी हसला. "दारी आलेल्याला हुकूम विचारायचा? आणि या बिचाऱ्यांना आत्तापासून घाबरवू कशाला?"

साळूनं कपाळाला हात लावला.

चार दिवसांनी शिपाई आले. सवयीनं रखमाजी म्हणाला, "या, आत या." तिघे गडी जागीच थिजले. हणमप्पा मात्र हातातली चाळण टाकून मागच्या दारानं पळाला. पळाला म्हणजे परवाना नसणार, असं म्हणत शिपायांनी त्याला धरून घाटावर नेलं. बाकीच्यांना परवाने दाखवायला संध्याकाळपर्यंत मुदत दिली. रखमाजीनं पोती उपसली, फडताळं रिकामी केली. परवाने सापडले ते दिवाळीच्या पणत्यांच्या टोपलीत. तिघे वाचले. पण रखमाजी धापा टाकत घाटावर पोचला, तेव्हा नाव पलीकडे लागली होती.

मग मात्र साळूचा शब्द न् शब्द त्यानं पाळला. पुढच्या खेपेला शिपाई आले, तेव्हा साळूनं त्यांना दुकानातच बसवून पाणी दिलं आणि हुकूम मागितला. हुकूम नव्हता. शिपाई परत गेले, आत काम चालूच राहिलं.

हे सांगायला रखमाजी नदी ओलांडून हणमप्पाकडे गेला. हणमप्पानं सगळं ऐकून घेतलं. जरासुद्धा रागावला नाही.

"रखमाजी," तो म्हणाला, "शिपाई आले तर जागचा हलू नकोस, एवढं तू मला आधी सांगितलं असतंस, तर मी बसून राहिलो असतो."

रखमाजीला रडू आवरेना.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसांवर जीव असेल, तर संकटात काय करायचं ते संकट येण्याआधीच त्यांना सांगून ठेवावं.